प्रेक्षणीय स्थळ

२०२२ साल. मार्गशीर्ष महिना, चंपाषष्ठीचा दुसरा दिवस, म्हणजे सप्तमी. तारखेऐवजी तिथी सांगते, कारण पुढे जो घोटाळा झाला त्यात तिथीचा हात होता.

त्या सकाळी मी आणि माझी मोठी जाऊ धोंडुबाई गडबहून पेणला गेलो, तिच्या चष्म्याच्या काचा बदलायला. दुकानदाराने डोळे तपासले, चष्मा ठेवून घेतला आणि संध्याकाळी या म्हणाला. धोंडुबाई ऐंशीला टेकलेली. चष्मा नसला की समोर माणूस आहे एवढं तिला दिसतं, बाई की बाप्या ते त्याने तोंड उघडल्यावर कळतं.

"घरी जाऊन परत येऊ," मी म्हणाले.

"घरी जाऊन काय करू? डोळं मिटून टीव्ही ऐकू?"

तसं म्हणत म्हणत आम्ही एसटी स्टँडवर आलो. समोर एक लाल गाडी उभी होती.

"शांते, ही कंची?"

हा तिचा प्रश्न फार जुना. लग्न होऊन मी गडबला आले तेव्हा आम्ही दोघी मिठागरावर कामाला जायचो. संध्याकाळी परत येताना रस्ता ओलांडायला उभ्या राहिलो की समोरून एसटी जायची. तिला वाचता येत नव्हतं, मला येत होतं. ती विचारायची, "ही कंची?" मी पाटी वाचून सांगायची, "रोहा." मग ती विचारायची, "रोह्याला काय हाय?" मी म्हणायची, "काय ठावं." मिठागरं गेली, आमचे नवरे गेले, समोरचा रस्ता रुंद होता होता आमच्यादेखत म्हातारा झाला, पण रोह्याला काय आहे ते काही कळलं नाही. आम्ही अलिबागला गेलो ते दवाखान्यात, पनवेलला गेलो ते बाळंतपणांना, मुंबईला गेलो ते कोणाला पोचवायला. बिनकामाचं कुठे गेलोच नव्हतो.

"रोहा," मी पाटी वाचली.

"चल."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? पंच्याहत्तरीच्या पुढं सरकारनं एसटी फुकट केली, ती काय अंगणात बसायला?"

ती चढली. तिला पायरी दिसत नव्हती, म्हणून मलाही मागोमाग चढावं लागलं.

गाडी गडबवरूनच जाते, हे बसल्यावर लक्षात आलं. थांब्यावर आमच्याच आळीतला एक जण चढला. मी पदर कपाळावर ओढला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"कोण चढला गो?" धोंडुबाईने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं.

"गप बस. आपल्यातला आहे."

"कंचा?"

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तो नागोठण्याला उतरेपर्यंत आम्ही दोघी माना खाली घालून बसलो होतो, पळून निघालेल्या पोरींसारख्या. तो उतरल्यावर धोंडुबाई इतकी हसायला लागली की कंडक्टरने येऊन आजी बऱ्या आहात ना म्हणून विचारलं.

रोह्याला उतरलो. उतरल्यावर काय करायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. माणसं आपापल्या कामाला चाललेली, आणि आम्ही स्टँडबाहेर उभ्या. एक रिक्षावाला पुढे आला. मी सातवीपर्यंत शिकलेली, पेपर रोज वाचणारी. परक्या गावात जरा शुद्ध बोलावं म्हणून त्याला विचारलं, "काय हो, इथे प्रेक्षणीय स्थळ कोणतं आहे?"

त्याने आमच्या ठेवणीतल्या साड्या बघितल्या.

"स्थळ बघायला आलात होय. कुठून?"

"पेणकडून."

"मग अष्टमीला जायचं असेल. तिकडं आहे म्हणतात एक चांगलं."

"अष्टमी उद्या हाय," धोंडुबाई म्हणाली. "आज सप्तमी."

रिक्षावाला हसला. "मावशी, गावाचं नाव अष्टमी. तो पूल ओलांडला की अष्टमी."

असं काही गावाचं नाव असतं हे धोंडुबाईला इतकं आवडलं की तिने ते दोनदा म्हणून बघितलं. अष्टमीला देऊळबिऊळ असेल असं मी धरून चालले.

आधी बाजारातून फिरलो. धाविर महाराजांच्या देवळात जाऊन पाया पडलो. नदीकाठी बसलो. धोंडुबाईला चष्मा नसल्यामुळे सगळं मी तिला सांगत होते. कुंडलिकेला पाणी किती, भांड्यांचं दुकान केवढं, समोरून येते तिच्या गळ्यात काय आहे. "आपल्या पेणसारखाच हाय की," ती म्हणाली. "तू नीट सांगत नायस." मग आम्ही पूल ओलांडला आणि अष्टमीत शिरलो. देऊळ शोधता शोधता एका आळीत आलो, आणि तिथे धोंडुबाई थांबली. बिनबेताच्या प्रवासात म्हाताऱ्या बायांना जी अडचण येते ती आली होती. उघड्या रस्त्यावर कोणाला विचारणार?

एका घराच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत होती. पन्नाशीची, अंगाने भरलेली. तिने आमच्याकडे बघितलं.

"कुठनं आलात?"

"पेणकडनं," धोंडुबाई म्हणाली.

"कोणाकडं?"

"कोणाकडं नाय. बघायला आलो."

बाईच्या हातातलं सूप खाली आलं. ती उठली, पदर नीट केला. "अगोबाई. आज? पोपटमामा म्हणाले होते, बायका अष्टमीला येतील, तर मी म्हटलं कधी ते फोन करून कळवतील."

धोंडुबाईला नुकतंच नवीन ज्ञान मिळालेलं होतं. ती ठसक्यात म्हणाली, "अष्टमीलाच आलो ना आम्ही."

"हो हो, या ना आत. हात-पाय धुवायला मागे जाऊन या आधी."

एवढं ऐकल्यावर धोंडुबाई कोणासाठी थांबणार होती? ती आत गेलीसुद्धा.

बाईचं नाव अनिता. आम्ही मागून येईपर्यंत तिने बाहेरच्या खोलीतली खुर्च्यांवरची कापडं काढली, टीव्ही बंद केला, कोणाला तरी हळू आवाजात साडी नेस म्हणून सांगितलं आणि कढई चढवली. मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. धोंडुबाईला वाटत नव्हतं. "रोह्याची माणसं किती चांगली," ती खुर्चीत टेकून म्हणाली. "आपल्याकडं कोणी अनोळखी आला तर पानी तरी विचारतात काय?"

तेवढ्यात आतून एक मुलगी ट्रे घेऊन आली. नेसलेली साडी तिला सवयीची नव्हती. तिने पोहे दिले, पाया पडली आणि समोर बसून आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"पेणच्या माणसांना पोहे आम्ही काय खिलवणार," अनिता म्हणाली. "पण घ्या. ही मनस्वी. धाटावला कंपनीत लॅबमध्ये आहे. दुसरी शिफ्ट असते, म्हणून बरं झालं सकाळच्या आलात."

मी धोंडुबाईच्या कानाशी लागले. "बाय, ही आपल्याला पोरगी दाखवतेय."

"कोणाची?"

"तिची."

"मग बघ की. मना काय दिसत नाय."

खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलंही. "अनिताताई, काहीतरी चुकतंय तुमचं. आम्ही रोहा बघायला आलो होतो."

अनिताचा चेहरा उतरला. "म्हणजे रोह्यात पण बघितलीत एक?"

आता ह्यावर काय बोलायचं? मी तोंड उघडायच्या आत धोंडुबाई पोहे चावत म्हणाली, "रोह्यात काय खास नाय. अष्टमी बरी."

अनिताने सुटकेचा श्वास टाकला आणि आमच्या बशांत आणखी पोहे वाढले. मग तिने आम्हाला घर दाखवलं, परस दाखवलं, विहीर दाखवली, मनस्वीने दहावीत मिळवलेला कप दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रवासाला निघाले आणि बघायला मिळालं ते एका अनोळखी बाईचं न्हाणीघर.

मधेच माझा फोन वाजला. जितेश, माझा मुलगा. धोंडुबाईने तो माझ्या हातातून घेतला.

"व्हय रे. चष्मेवाल्याकडंच हाव. काचा घासतोय तो. लई जाड काचा हायत, वेळ लागल." आणि फोन बंद करून स्वतःच्या पिशवीत टाकला. अनिताने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

निघताना अनिता पुलापर्यंत यायला निघाली होती, पण शेजारच्या ओट्यावरून हाक आली. "या गो बायांनो. आमच्याकडं पन च्या घेऊन जा."

अनिता जागीच थबकली. तिचा चेहरा बघून मला कळलं, ह्या हाकेला ती आम्ही आल्यापासून घाबरून होती. पण स्थळ बघायला आलेल्या बायकांनी शेजाऱ्यांकडे चौकशी करायची हा आमच्याकडचा रिवाज. त्यांना अडवलं तर लपवायसारखं आहे असा अर्थ होतो. अनिता घरात गेली.

शेजारीण सीताबाई, धोंडुबाईच्याच वयाची, वाळलेली, डोळे मात्र तरतरीत. ती चुलीशी सतत काहीतरी गुणगुणत होती. चहा आमच्या हातात दिला आणि गुणगुणणं थांबवून म्हणाली, "मी कोणाच्या पोरीचा वंगाल बोलत नाय. डोल्यांनी बघितला तेवढाच सांगते."

"सांग," धोंडुबाई म्हणाली.

"कंपनीची बस सगल्यांना पुलाजवल सोडते. हिला नाय सोडत. ही येते मोटरसायकलवर. रोज."

"कोणाच्या?"

"त्याच्या डोक्यावर ती हेल्मेट. तोंड कोणी बघितलाय? पुलाच्या अलीकडं उतरवतो नि वलून जातो. आता तुमी ठरवा."

ती पुन्हा गुणगुणायला लागली. धोंडुबाई मान वाकडी करून ऐकत राहिली. बाहेर पडलो तर म्हणाली, "शांते, आता मना भूक नाय, लघवी नाय. पन जायला पन मन होत नाय."

पुलाच्या तोंडाशी मनस्वीने आम्हाला गाठलं. साडी जाऊन कंपनीचा निळा शर्ट आला होता, खांद्याला पर्स. धावत आल्यामुळे तिला दम लागला होता.

"सीताआजीने सांगितलं ना? मोटरसायकलचं?"

"सांगितलं," मी म्हणाले.

"मावशी, तो सुजयच आहे."

"सुजय कोण?"

"तुमचा सुजय. ज्याच्यासाठी मला बघायला आलात तो."

मग मात्र मी तिला कठड्याशी बसवलं आणि सगळं सांगितलं. चष्मा, एसटी, रिक्षावाला, सगळं. आम्ही कोणाच्याही कोणी नाही म्हणून सांगितलं. तिला आधी हसू आलं, मग ते अर्ध्यात थांबलं आणि डोळे भरले.

"म्हणजे खरी आत्या यायचीच आहे."

"कधी यायचं ठरलंय?"

"पोपटमामा म्हणाले, अष्टमीला."

"उद्या," धोंडुबाई म्हणाली.

मनस्वीने कपाळाला हात लावला. रोज अष्टमीत राहणाऱ्या माणसाला अष्टमी ही तिथीही असते हे सुचलंच नव्हतं.

मग तिने सांगितलं. सुजय धरमतरकडचा, तिच्याच कंपनीत. दोघांचं दोन वर्षांपासून जमलेलं. त्याची आई लहानपणी गेली, आत्याने वाढवला. आत्याचा हिशेब सरळ, प्रेमाबिमाचं लग्न असेल तर मी हळदीलासुद्धा येणार नाही. म्हणून दोघांनी स्थळं जुळवणाऱ्या पोपटमामांच्या कानात घालून हे स्थळ जणू नवीनच निघालंय असं करवलं होतं. घरी अनितालाही पत्ता नव्हता.

"उद्या आत्या सीताआजीकडे जाणारच," मनस्वी म्हणाली. "मोटरसायकलवाला दुसराच कोणी निघाला तरी लग्न मोडतं, आणि सुजय निघाला तरी मोडतं."

"त्या म्हातारीचा तुमच्याशी काय वाकडा?" धोंडुबाईने विचारलं.

"काही नाही. बोलतच नाही ती आमच्याशी, ताईच्या लग्नापासून."

"लग्नात काय झाला?"

"काही झालं नाही. बाबांनी बेंजो आणला होता."

"ती धवलारीण हाय," धोंडुबाई म्हणाली.

आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी मान धवलारणीचा. मांडव घातला, हळद लागली, की ती बसून धवले गाते, एकेका देवाला आणि एकेका गावाला आवतण देते, आणि ती गात नाही तोवर लग्नाला सुरुवात झाली असं कोणी मानत नसे. माझ्या हळदीला आमच्या सासूच्या बहिणीने गायलेलं मला अजून सुरासकट आठवतं. आता बेंजोवाल्यांचा बँड असतो, त्याच्यापुढे कोणाचा आवाज ऐकू येणार?

"तुला कसं कळलं गो बाय?"

"मना दिसत नाय, ऐकू येता. आपण गेलो तवापासना चुलीशी हळदीचा धवला गुणगुणत होती. लग्न नाय, मांडव नाय, नि बाय हळदीचा धवला म्हणते. पोरी, तुझ्या बहिणीच्या हळदीला ती नेसून बसली असंल ओट्यावर. वाट बघत."

मनस्वीने मान हलवली. "हिरवी साडी," ती म्हणाली. "मला आठवतं. आम्ही तिला जेवायचं ताट नेऊन दिलं होतं. तिने परत पाठवलं."

"चल."

"माझी बस येईल."

"बस रोज येते," धोंडुबाई म्हणाली. "अष्टमी उद्या हाय."

वाटेत तिने मनस्वीला एवढंच पढवलं, माफी मागू नको, गाणं माग.

आम्ही परत आलेल्या बघून सीताबाई दारात उभी राहिली. तिला वाटलं आम्ही मुलीला धरून समोरासमोर करायला आणली. तिने हनुवटी वर केली.

"मी सांगितला त्यात खोटा काय नाय."

"आजी," मनस्वी म्हणाली, "माझ्या हळदीला धवला म्हणशील?"

सीताबाईचे हात पदराशी थांबले. "ठरला नाय अजून, नि हळद कसली?"

"ठरलं तर."

"तुझा बाप बेंजो आणील."

"आणू दे. तू उठल्यावर वाजवतील. आधी तू."

"नि मी दोन तास उठली नाय तर?"

"तर दोन तास बसतील."

सीताबाईने आमच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर विश्वास नव्हता. ती सरळ मुद्द्यावर आली आणि मनस्वीला म्हणाली, "आनि तो हेल्मेटवाला? धवल्यात नवऱ्याचा नाव घ्यावा लागता. मी कोणाचा घेऊ?"

मनस्वीने एकदा अनिताच्या दाराकडे बघितलं. मग वाकून सीताबाईच्या कानात सांगितलं. बराच वेळ सांगत होती. सीताबाईचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे झाले, आणि शेवटी तिने तोंडावर पदर धरला. पदराच्या आत ती हसत होती.

"तोच?"

"तोच."

"नि तुझ्या आईला ठावं नाय?"

"कोणालाच नाही. तू पहिली."

सीताबाई पायरीवर बसली. आळीत सगळ्यांत आधी आपल्याला कळलं, हे तिच्या पाठीच्या कण्यातून दिसत होतं. ती ताठ झाली होती. "बरोबर हाय," ती म्हणाली. "धवलारणीला आधी कलायलाच लागता." मग धोंडुबाईकडे वळली. "नि तुमी? तुमी त्याच्या कोण?"

"आमी कोणी नाय," धोंडुबाई म्हणाली. "आमी रोहा बघायला आलो."

हे सीताबाईला पटलं नाही. तिला वाटलं आत्याने पाठवलेल्या हेर आहोत आणि आता ओळख लपवतोय. ती म्हणाली, "बरा बरा, तुमचा तुमच्यापाशी," आणि आम्हाला वाटेसाठी वालाच्या शेंगा बांधून दिल्या.

परतीची एसटी पकडली तेव्हा उन्हं कलली होती. गडबच्या थांब्यावर उतरलो. आळीत शिरताना धोंडुबाईचा पाय दगडाला लागला आणि तेव्हा आमच्या दोघींच्या लक्षात आलं. चष्मा पेणलाच राहिला होता.

जितेश ओट्यावर बसला होता. "झाला का चष्मा?"

"झाला," धोंडुबाई म्हणाली आणि भिंत चाचपत आत गेली.

दुसऱ्या दिवशी जितेश दुकानात गेला तर दुकानदार म्हणाला, त्या आजी सकाळी चष्मा ठेवून गेल्या त्या फिरकल्याच नाहीत. मग आमची जी चौकशी झाली तिच्यापुढे स्थळाची चौकशी काहीच नाही. शेंगा कुठल्या, हेही त्याने विचारलं.

अष्टमीला अष्टमीत काय झालं ते मनस्वीने मला फोनवर सांगितलं, निघताना तिने माझा नंबर घेतला होता. खरी आत्या एका नात्यातल्या बाईला घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पेणहून आलो." अनिताच्या मते पेणच्या बायका कालच येऊन गेल्या होत्या. ती आतूनच ओरडली, "पेणचे पापड नकोत, घरात आहेत." मनस्वी धावली म्हणून निभावलं. पोह्यांची दुसरी कढई चढली. पोहे खाऊन आत्या पदर खोचून सरळ सीताबाईच्या ओट्यावर गेली. मनस्वी खिडकीला कान लावून उभी होती.

"पोरगी कामावरनं येते कशी?" आत्याने विचारलं.

"मोटरसायकलवर," सीताबाई म्हणाली.

मनस्वीने खिडकी आणखी किलकिली केली.

"कोणाच्या?"

"घरच्याच मानसाच्या. लई चांगला पोरगा. पुलापर्यंत सोडतो नि माघारी जातो, वर डोला करून बघत नाय."

"भाऊ काय?"

"चुलीवर दूध हाय माझा," सीताबाई म्हणाली आणि आत गेली.

लग्न २०२३च्या वैशाखात झालं. आम्हा दोघींना पत्रिका आली. मांडवात मुलाकडचे आम्हाला मुलीकडच्या समजले आणि मुलीकडचे मुलाकडच्या. दोन्हीकडून मान मिळाला, दोन्हीकडून आग्रह झाला, आणि धोंडुबाईने कोणालाच नाराज केलं नाही. हळदीला सीताबाई हिरवी साडी नेसून बसली आणि इतका वेळ गायली की बेंजोवाले मांडवामागे झोपून गेले. तिने नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा आमच्याकडे बघून डोळा मारला. धोंडुबाईला ते दिसलं. ह्या वेळी चष्मा होता.

आता कोण कुठे आहे ते सांगते. मनस्वी आणि सुजय रोह्यातच भाड्याच्या घरात राहतात, दोघंही अजून त्याच कंपनीत. सीताबाईच्या आळीत आला की सुजयला आधी हेल्मेट काढावं लागतं, "तोंड दाखव मेल्या" म्हणून. सीताबाईला आता कोलाड, खांबपासून बोलावणी येतात. मनस्वीने तिचे धवले फोनवर भरून ठेवलेत, पण मांडवात ती फोन लावू देत नाही. आत्याला खरं कळलं ते डोहाळजेवणात, सुजयच्या मोबाइलमधला एक जुना फोटो पुढे सरकल्यावर. ती आठवडाभर बोलली नाही. नंतर म्हणाली, तो फोटो मोठा करून दे. पोपटमामा हल्ली फोनवर इंग्रजी तारीख सांगतात आणि समोरच्याकडून वदवून घेतात. अनिताच्या दारात कोणी अनोळखी बाई आली की ती आधी विचारते, "बघायला म्हणजे नक्की काय बघायला?"

जितेशने माझ्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय. आम्ही कुठे आहोत ते त्याला घरबसल्या दिसतं. म्हणून धोंडुबाई निघताना फोन तांदळाच्या डब्यावर ठेवायला सांगते.

ती आता ऐंशीच्या पुढे गेली. दर महिन्याला तिचा चष्मा सैल होतो आणि पेणला जावं लागतं. परवा स्टँडवर आम्ही उभ्या होतो. समोर लाल गाडी लागली. नव्या काचांतून तिने पाटीकडे बघितलं. वाचता येत नाही, पण ती अक्षरं तिने ओळखली.

"रोहा," ती म्हणाली. "लग्नात नुसता मांडवच बघितला गो. गाव बघायचा राहिलाच."